छपराखालचा लाकडी पूल: टाऊनच्या जाळीची 1:12 प्रतिकृती, प्रकल्प नोंदी

7 जून 2025

रचना ठरली: टाऊनची जाळी. अमेरिकेतल्या न्यू हेवनचे वास्तुविशारद इथिएल टाऊन यांनी 28 जानेवारी 1820 रोजी हिचं पेटंट घेतलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच जाळ्या आणि वर छप्पर, असा हा पूल. जाळीत तिरप्या फळ्यांच्या दोन रांगा एकमेकींना छेदतात, वर आणि खाली आडवे पट्टे या फळ्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, आणि प्रत्येक छेदावर ओकच्या खुंट्या ठोकलेल्या असतात. मुख्य सांगाड्यात लोखंड नाही.

थिओडोर बर यांच्या कमानीच्या रचनेचाही विचार झाला होता. तिचं पेटंट 1817 चं. पण तिच्यात जाड चौकोनी लाकडांना कुसू आणि खाचा खोदाव्या लागतात, आणि ते काम कसलेल्या सुताराचं. विल्यम हाऊ यांची रचना 1840 ची. तिच्यात उभे लोखंडी गज आणि नट आहेत, सैल पडली की नट आवळता येतात. टाऊनच्या जाळीला मात्र आरागिरणीतून येणारी साधी फळी, करवत आणि गिरमिट एवढंच लागतं. फळ्या एकाच मापाच्या, भोकं एकाच मापाची. म्हणून ती झपाट्याने पसरली. टाऊन फुटामागे 1 डॉलर घेत, आणि न विचारता बांधलेला पूल सापडला तर 2 डॉलर.

संदर्भासाठी कॉर्निश-विंडसर पूल समोर ठेवला आहे. न्यू हॅम्पशायर आणि व्हर्मांट यांच्यामधल्या कनेक्टिकट नदीवर जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी तो 1866 मध्ये 9,000 डॉलरमध्ये बांधला. लांबी 449 फूट 5 इंच, गाळे (दोन आधारांमधली अंतरं) दोन: 204 फूट आणि 203 फूट. त्याच जागेवरचा हा चौथा पूल. त्याची जाळी मात्र फळ्यांची नाही. तिथे चौकोनी लाकडं छेदाच्या जागी खाचून एकमेकांत बसवली आहेत. आपली प्रतिकृती साध्या फळ्यांच्या प्रकाराची.

10 जून

मापं. प्रमाण 1:12, म्हणजे फुटाचा इंच. गाळा 2400 मिमी, प्रत्यक्षात साधारण 95 फूट. खालच्या आणि वरच्या पट्ट्यांच्या मध्यरेषांमध्ये 300 मिमी. फळी 25 × 6 मिमी, म्हणजे खऱ्या पुलातली 12 × 3 इंची. खुंटी 4 मिमी, खऱ्यातली सुमारे 2 इंची.

तिरप्या फळ्या 45 अंशांत, एकाच दिशेच्या दोन फळ्यांमध्ये आडवं अंतर 100 मिमी. यामुळे छेद दर 50 मिमी उंचीवर येतात, म्हणजे सात पातळ्या. चार पातळ्यांवर 25-25 आणि तीन पातळ्यांवर 24-24, असे एका जाळीत चार कोपरे धरून 172 सांधे. तिरप्या फळ्या एका जाळीत 52: पूर्ण लांबीच्या 44, टोकांना तोकड्या 8.

आडवे पट्टे चार: तळाशी, तळापासून 50 मिमीवर, 250 वर आणि 300 वर. प्रत्येक पट्टा चार फळ्यांचा, जाळीच्या आत दोन आणि बाहेर दोन.

दोन्ही जाळ्यांना पट्ट्यांसाठी 77 मीटर आणि तिरप्या फळ्यांसाठी 44.5 मीटर, मिळून 121 मीटरच्या आसपास पट्टी लागेल. गाठी आणि फुटतूट धरून 145 मीटर चिरून घ्यायची.

14 जून

पाईन वखारीतून आणलं. गाठींमुळे पाचवा भाग बाजूला पडला. खालच्या पट्ट्याच्या फळ्यांत एकही गाठ चालणार नाही, कारण तिथे सगळा ताण आहे आणि गाठीजवळ लाकडाच्या तंतूंची रेषा वळते. वरचा पट्टा दाबाखाली असतो, तिथे लहान घट्ट गाठ खपून जाते. चिरतानाच दोन ढीग वेगळे केले, खालच्यासाठीच्या फळ्यांना टोकाला लाल खूण.

21 जून

खुंट्या बांबूच्या. चिरलेल्या काड्या सोनार तार ओढतात तशा भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढल्या: 5 मिमी, 4.5, मग 4.1. संख्या: पट्ट्यांवरच्या छेदांना प्रत्येकी 3, मधल्या छेदांना प्रत्येकी 2. दोन्ही जाळ्यांसाठी 588 लांब आणि 296 आखूड, एकूण 884. केल्या 1,000.

खुंटी फळीपेक्षा कोरडी हवी. कोरडी खुंटी ठोकल्यावर आजूबाजूच्या लाकडातला ओलावा ओढते, फुगते आणि भोकात आवळून बसते. ओली खुंटी ठोकताना घट्ट वाटते, पण वाळल्यावर आकसते आणि त्या सांध्यात कायमची ढिलाई राहते. पावसाळ्यात खुंट्या उघड्यावर वाळणार नाहीत, म्हणून प्लायच्या खोक्यात 60 वॅटचा बल्ब लावून ठेवल्या. ठोकायच्या वेळी खोक्यातून एका वेळी वीसच काढायच्या.

28 जून: कॅम्बर

पूल सरळ बांधला तर परांची काढताच मध्याला झोल दिसतो. म्हणून तो आधीच मध्याला वर उचलून बांधायचा. हा चढ म्हणजे कॅम्बर, आपला 12 मिमी.

हा कॅम्बर येतो कुठून, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. फळी वाकवून तो येत नाही. वरचा पट्टा खालच्यापेक्षा लांब ठेवला की जाळी आपोआप वर उचलली जाते. आपला गाळा उंचीच्या बरोबर आठपट आहे, आणि या प्रमाणात हिशेब फार सोपा होतो: दोन पट्ट्यांच्या लांबीत जितका फरक, तितकाच मध्याचा चढ. 12 मिमी कॅम्बर हवा तर 24 घरांत (पट्ट्यावरच्या दोन छेदांमधला भाग म्हणजे एक घर) मिळून 12 मिमी फरक, घरामागे अर्धा मिलिमीटर. वरच्या पट्ट्यावर छेद 100.25 मिमीवर, खालच्या पट्ट्यावर 99.75 वर. एकूण लांबी वर 2406, खाली 2394.

आता हेच उलटं वाचायचं. खालचा पट्टा जोडांवर मिळून 1 मिमी लांबला तर मध्य 1 मिमी खाली येतो. वरचा पट्टा जोडांवर 1 मिमी आकसला तरी तेवढाच. जुन्या पुलांचा झोल बघून लाकूड वाकलं असं वाटतं, पण त्यातला बराच भाग असा शेकडो सांध्यांतून केसाकेसाने गोळा झालेला असतो. या प्रतिकृतीचा खरा विषय हाच आहे.

8 × 4 फुटी प्लायवर पूर्ण मापाचं रेखाटन केलं. कंसाची त्रिज्या 60 मीटर, कंपासने काढणं अशक्य. दोन टोकांना ताणलेल्या दोरीपासून उंच्या मोजल्या: मध्याला 12 मिमी, मध्यापासून 300 वर 11.25, 600 वर 9, 900 वर 5.25. घरं विभाजकाने एकापुढे एक पावलं टाकत मोजायची नाहीत, चूक साठत जाते. सगळी मापं एकाच टेपवर शून्यापासून घेतली. आधी कागदावर छापलेली पट्टी चिकटवून पाहिली होती, ती दमट हवेत दोन दिवसांत 3 मिमी वाढली. फेकून दिली.

2 जुलै

बाहेर ओलाव्याची चाचणी मांडली. जाळीचे दोन सारखे तुकडे, प्रत्येकी चार घरांचे. एक उघडा, दुसऱ्यावर छप्पर आणि बाजूच्या उभ्या फळ्या. दोन्ही एकाच भिंतीपासून दोन मीटर दूर.

5 जुलै: पहिली जाळी

क्रम: खाली पट्ट्यांच्या दोन थरांच्या फळ्या, त्यावर एका दिशेच्या तिरप्या फळ्या, मग दुसऱ्या दिशेच्या, मग पट्ट्यांचे उरलेले दोन थर. पट्ट्यांवर एकूण जाडी 36 मिमी, मध्ये 12. क्लॅम्प आवळून सगळ्या थरांतून एकदम भोक. थर सुटे करून वेगवेगळी भोकं पाडली की ती एकमेकांसमोर येत नाहीत आणि खुंटी मधल्या थरात अडते.

खऱ्या पुलांचंही असंच होई. कॉर्निश-विंडसर पुलाचा सांगाडा आधी जवळच्या कुरणात रचून पाहिला आणि मग नदीवर उभा केला.

6 जुलै

दोन चुका सापडल्या.

हातातल्या ड्रिलने 36 मिमी खोल जाताना बिट रेषेच्या दिशेने सरकतं. वरून बरोबर, खालून दीड मिलिमीटर बाजूला. आता फक्त ड्रिल स्टँडवर, आणि आधी 2 मिमी बिटाने वाट करून मग 4.

दुसरी चूक जास्त घातक. तीन खुंट्यांपैकी दोन पट्ट्याच्या एकाच रेषेवर आल्या होत्या. ठोकताना पहिल्या खुंटीने रेषा थोडी उघडली, दुसरीने फळी उभी चिरली. नऊ फळ्या गेल्या. खुंट्या नेहमी वेगवेगळ्या रेषांवर हव्यात. तीन भोकांचा पितळी फर्मा करून घेतला, प्रत्येक छेदावर तोच ठेवायचा.

12–13 जुलै: पट्ट्यांचे जोड

पट्ट्याची फळी 400 मिमी, म्हणजे 16 फुटी. 2400 मिमीच्या पट्ट्यात एकेका थराला जोड येणारच. चार थरांचे जोड 100 मिमीने पुढे-मागे ठेवले. त्यामुळे कुठल्याही घरात चारपैकी एकच फळी तुटलेली असते आणि तीन सलग. ताकद मोजताना पट्टा चारचा नाही, तीनचाच धरायचा.

खालच्या पट्ट्यात जोडाची टोकं एकमेकांना टेकली काय आणि न टेकली काय, फरक पडत नाही. ताण टोकांतून जाऊच शकत नाही. तो खुंट्यांतून शेजारच्या फळीत उतरतो आणि जोड ओलांडून परत येतो. वरच्या पट्ट्यात उलट: दाब टोकांतूनच जातो, म्हणून टोकं काटकोनात कापलेली आणि घट्ट भिडलेली हवीत. तिथली 0.3 मिमीची फट भार येईपर्यंत दिसत नाही, भार आला की मिटते, आणि जितकी मिटते तितका झोल.

पहिल्या जाळीच्या वरच्या पट्ट्यात फटी मोजणारा फीलर गेज फिरवला. सात जोडांत 0.2 ते 0.4 मिमीच्या फटी. करवतीचा गुण्या हलला होता. खुंट्या काढल्या तर भोकं सैल होतील, म्हणून फटींत शिसवीचे पातळ तुकडे सरकवून बसवले.

16 जुलै

बाहेरच्या तुकड्यांची पहिली मोजणी. उघड्या तुकड्यात फळीच्या मोकळ्या पृष्ठावर 24%, छेदाच्या आत, जिथे दोन फळ्या चिकटून आहेत, तिथे मीटरची सुई 30 च्या पुढे. छपराखालच्यात दोन्हीकडे 18%.

लाकडात 20% च्या वर ओलावा टिकून राहिला की बुरशीचा धोका सुरू होतो. उघड्या फळीचं पृष्ठ पाऊस थांबताच वाळायला लागतं, छेदातलं पाणी मात्र बाहेर पडायला वाट नसते. या रचनेत असे छेद शेकड्यांनी आहेत. जाळीची सगळी ताकद जिथे आहे, नेमकी तीच जागा सगळ्यात उशिरा वाळते.

म्हणून छप्पर. प्रवाशांना आडोसा, घोडे पाण्याला बुजू नयेत वगैरे कारणं सांगितली जातात, पण पूल बांधणाऱ्यांचं गणित सरळ होतं. फिलाडेल्फियाचा 1805 चा ‘पर्मनंट ब्रिज’ टिमथी पामर यांनी बांधला, आणि पुढे त्याला छप्पर घातलं. त्यांचा अंदाज होता की उघडा लाकडी पूल 10-12 वर्षं टिकतो आणि झाकलेला 30-40. कॅनडातल्या हार्टलँडचा 1,282 फुटी पूल 1901 मध्ये उघडाच होता. बर्फाने गाळे पाडल्यावर तो पुन्हा उभा करताना, 1922 मध्ये छप्पर चढलं. पूल आधी आणि छप्पर मागाहून, यावरूनच छप्पर कशासाठी ते कळतं.

कोकणातल्या जुन्या साकवाचा हिशेब नेमका उलटा. माडा-पोफळीचे सोट टाकायचे, पावसात कुजले की पुढच्या हंगामात नवे टाकायचे. गावात सोट भरपूर आणि गाळा लहान, तिथे तेच शहाणपणाचं. दोनशे फुटी गाळा दरवर्षी नव्याने बांधता येत नाही.

26 जुलै

दुसरी जाळी पूर्ण. पितळी फर्मा, ड्रिल स्टँड, वरच्या जोडांची टोकं पॉलिश पेपरवर घासून भिडवलेली. एकही फळी फुटली नाही. पहिलीला नऊ दिवस लागले होते, हिला पाच.

3 ऑगस्ट

जाळ्या उभ्या केल्या. खालच्या पट्ट्यांवर दर 200 मिमीला आडव्या तुळया, त्यावर तक्तपोशी. वरून आणि खालून फुलीसारख्या तिरप्या आडण्या. वरच्या कोपऱ्यांत गुडघ्यासारखे तिरपे धिरे.

धिरे बसवण्याआधी वरचा पट्टा बोटाने ढकलला तरी सगळा पूल समांतरभुज होऊन एका बाजूला कलत होता. बाजूच्या फळ्या लावल्या की पुलाचं शीड होतं आणि वारा तेच करतो. रस्त्यातून गाडी जायला हवी म्हणून मध्ये फुली मारता येत नाही, सगळी भिस्त या लहान धिऱ्यांवर. आत आलेली उंच गाडी पहिल्यांदा यांनाच धडकते. जुन्या पुलाची तपासणी करायची तर इथून सुरुवात करावी.

12 ऑगस्ट

उघडा तुकडा: छेदात अजून 30 च्या पुढे, खालच्या पट्ट्याच्या फटीत काळी बुरशी. झाकलेला: 19%. पावसाळी हवेत याहून खाली जाणार नाही.

17 ऑगस्ट

छप्पर: वासे, रिपा, त्यावर लाकडी पातळ कौलं. बाजूच्या फळ्या उभ्याच लावायच्या. आडव्या लावल्या तर प्रत्येक फटीच्या काठावर पाणी थांबतं, उभ्या फळीवरून ते रेषेने खाली ओघळतं. वळचणीखाली 25 मिमीची पट्टी मोकळी सोडली, उजेड आणि हवा दोन्हींसाठी. प्रवेशाच्या तोंडाशी छप्पर 60 मिमी पुढे काढलं. पाऊस आत उडतो तो तिथूनच, आणि पुलाची टोकं, म्हणजे दगडी आधारावर टेकलेला भाग, तिथेच असतो. टोकांखाली सुट्या पाटल्या ठेवल्या. कुजल्या तर पाटलीच बदलायची, पट्ट्याला हात लावायला नको.

छपराचा उतार बर्फ घसरावं इतका. रस्त्यावर मात्र बर्फ हवंच असे: हिवाळ्यात घसरगाड्यांसाठी माणसं फावड्याने पुलाच्या आत बर्फ पसरत.

28 ऑगस्ट

याच तारखेला 2011 मध्ये आयरीन वादळाच्या पुराने दोन जुने पूल नेले. न्यूयॉर्क राज्यातला ब्लेनहाइमचा 1855 चा, निकोलस पॉवर्स यांचा, एकाच गाळ्यात 210 फूट मोकळा. आणि व्हर्मांटमधला बार्टन्सव्हिलचा 1870 चा, तो टाऊनच्या जाळीचाच. दोन्ही पुढे नव्याने उभारले गेले.

बाजूच्या फळ्या पावसापासून वाचवतात, पण पाणी तक्तपोशीच्या वर आलं की त्याच फळ्या धरणाच्या भिंतीसारखा जोर घेतात, आणि लाकूड तरंगू पाहतं. पाणी चढायच्या आत खालच्या फळ्या काढता येतील अशा बसवणं हा एक उपाय. प्रतिकृतीत खालच्या तिसऱ्या भागाच्या फळ्या सुट्या स्क्रूंवर घेतल्या.

आगीचं तर आणखी वाईट. छपराखालचा पूल म्हणजे आडवं धुराडं. वेस्ट व्हर्जिनियातला 1852 चा फिलिपी पूल 1989 मध्ये जळाला आणि 1991 मध्ये दुरुस्त होऊन उघडला. स्वित्झर्लंडमधल्या ल्यूसर्नचा चॅपल पूल 1993 मध्ये जळाला.

6–7 सप्टेंबर: भार

छपरासकट प्रतिकृतीचं वजन 16 किलो. एवढं वजन खऱ्या पुलाच्या स्वतःच्या वजनासारखा परिणाम करत नाही. सगळी मापं बारापट लहान झाली की वजन 12 × 12 × 12 पट घटतं, पण लाकडाचा छेद 12 × 12 पटच. म्हणून ताण बारावा हिस्सा राहतो. लहान प्रतिकृती भक्कम वाटते ती यामुळे, आणि तेवढ्यावरून निष्कर्ष काढले जातात ते चुकतात. खरा ताण आणायला वजनाच्या आणखी 11 पट भार हवा: 176 किलो. 5 किलोच्या 35 वाळूच्या पिशव्या, तक्तपोशीवर सारख्या पसरून.

मध्याचा चढ, दोन्ही जाळ्यांची सरासरी. टेकू काढल्यावर 11.5 मिमी. भार चढवून रात्रभर ठेवल्यावर 8.1. पिशव्या उतरवल्यावर 9.9.

म्हणजे भाराने 3.4 मिमी खाली आला, त्यातला 1.8 परत मिळाला, 1.6 कायमचा गेला. कायमचा गेला तो खुंट्या भोकांत बसण्यात. खालच्या पट्ट्याच्या मधल्या घरांत जोडांच्या फटी 0.1 ते 0.15 मिमी उघडलेल्या, टोकांकडे काहीच नाही. ताण मध्याला जास्त, म्हणून फटीही तिथेच.

पहिली जाळी दुसरीपेक्षा 0.9 मिमी जास्त बसली. शिसवीच्या पाचरींनी बरंच सावरलं, पण सहा जुलैच्या आधी हाताने पाडलेली भोकं तशीच राहिली होती. दोन जाळ्या वेगवेगळ्या बसल्याने तक्तपोशीला पीळ आला आहे, उघड्या डोळ्यांनीही दिसतो.

8 सप्टेंबर

दुसऱ्यांदा भार: 7.9. पहिल्या भारानंतर सांधे बसलेले असतात, दुसऱ्यांदा जवळजवळ नवं काही जात नाही. यापुढे मध्य खाली येत राहिला तर खुंटी किंवा फळी निकामी होत आहे असं समजायचं.

13 सप्टेंबर: दुरुस्तीचा प्रश्न

गेलेला कॅम्बर परत कसा आणायचा? हाऊच्या रचनेत नट आवळता येतात, इथे आवळायला काहीच नाही. मध्याला जॅक लावून पूल वर उचलता येतो, पण जॅक काढला की सैल भोकं त्याला परत खाली आणतात. खालच्या पट्ट्याचे जोडच बदलावे लागतात.

कॉर्निश-विंडसर पूल 1987 मध्ये बंद करून 1989 मध्ये 44.5 लाख डॉलर खर्चून दुरुस्त झाला, त्यात थर चिकटवून केलेलं ग्लुलॅम लाकूड वापरलं. ग्लुलॅमचा तुकडा झाडाच्या लांबीवर अवलंबून नसतो, त्यामुळे जोड कमी आणि सरकायला जागा कमी. मूळ लाकूड गेलं म्हणून हळहळणारे असतात, आणि ती हळहळ खोटी नाही. तरीही रचना तीच राहिली, पूल आजही गाड्या वाहतो. शेजारी पोलादी पूल टाकून जुना नुसता बघायला ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

प्रतिकृतीतही तेच करून पाहायचं: पहिल्या जाळीच्या खालच्या पट्ट्याच्या मधल्या 1200 मिमीत 400 च्या फळ्या काढून 1200 च्या सलग फळ्या. तिथली जुनी भोकं 4 वरून 4.5 मिमी करून घ्यायची आणि खुंट्या त्या मापाच्या. काम टेकूंवर, मध्य 12 मिमी वर उचललेला असताना.

14 सप्टेंबर

बाहेरचे तुकडे उघडले. झाकलेल्या तुकड्याच्या खुंट्या ठोकून काढाव्या लागल्या, दोन मोडल्या, भोकं स्वच्छ. उघड्या तुकड्याच्या 14 खुंट्या बोटांनी निघाल्या. भोकांच्या कडा मऊ, नखाने खरवडता येतात, फळीचं मोकळं पृष्ठ मात्र नुसतं करडं पडलेलं, आत लाकूड टणक. बाहेरून पाहणाऱ्याला या फळीत काही बिघडलंय असं वाटणार नाही.

20 सप्टेंबर

1200 च्या फळ्या चिरून आल्या, ओलावा 15%. 4.5 मिमीच्या 130 खुंट्या बल्बच्या खोक्यात. मधल्या घरांतल्या जुन्या खुंट्या काढायला सुरुवात, दर वेळी एकाच थराच्या, बाकी तीन थर जागेवर ठेवून. आजपर्यंत बाहेरचा थर सुटा झाला.